झाळ

राजारामपुरी, सहावी गल्ली. जिन्याखाली पाटी:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
आम्हाला ते विचारायचंच नव्हतं.
तरी मी ती दोनदा वाचली.

पोटावर जेल गार पडलं.
इंगवले डॉक्टर आधी बोलत होत्या,
हुपरीहून का? एसटीनं? बसायला मिळालं का?
मग बोलणं थांबलं.
हात थांबला नाही. एकाच जागी
पुढं, मागं, पुन्हा पुढं,
पाटावर सांडलेली कडी
माझा चिमटा शोधतो तसा.

मी त्रिशला. नावापुरती.
सोळा स्वप्नं काही मला पडली नाहीत.
एक पडलं, त्यात नळ चालू राहिला होता.

करड्या धुरातून एक साखळी वर आली.
ती मला कुणी समजावायला नको होती.
सात वर्षं घरी झाळकाम करते,
पैंजणाच्या कड्या, शेकड्यावर मजुरी.
तोंडाला तोंड लावायचं,
सवागीचं बोट, झाळीचा कण,
भरतेश वरून ज्योत धरतो,
आणि झाळ धावली की चांदी
क्षणभर ओली दिसते.

मानेपासून खाली काम सुबक होतं.
दोन पदर, मण्याला मणी.
कमरेखाली मात्र पदर फाकलेले,
तीन कड्या तोंड उघडून,
वर पातळ फुगा, पाण्याचा.
"इथं झाळ बसली न्हाई," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला.
"हो," म्हणाल्या. "तसंच."

डोकं दाखवलं. कपाळ दोन्हीकडून दबलेलं,
याला आम्ही लिंबू म्हणतो.
मागचा लहान मेंदू वाकून केळ्यासारखा.
बाजाराच्या पिशवीतून काढावं तसं
एकेक काढत होत्या त्या.
भरतेश म्हणाला, "लिंबू तर
दुकानाला दर शनिवारी बांधतोय की आम्ही."
कुणीच हसलं नाही. तोही नाही.

फॉलिकच्या गोळ्या?
घेतल्या. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हापासून.
"ही शिवण त्याच्या आधीच मिटते,"
अगदी हळू म्हणाल्या, "बाईला पत्ता नसतो तेव्हा."
मी बोटांवर मागं मोजत गेले.
त्या आठवड्यात लग्नसराईची ऑर्डर होती,
दोनशे जोड, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत
दुसऱ्यांच्या लेकींच्या पायांतल्या कड्या
मी एकेक करून मिटवत होते.

जन्मल्यावर पाठ शिवता येते.
डोक्यातलं पाणी नळीनं पोटात उतरवतात.
लघवीचा त्रास राहील बहुतेक. चालणं,
आज नाही सांगता येणार.
एकोणीस आठवडे, चार दिवस.
चोविसाच्या आत काय ते ठरवा, घाईनं नको,
आधी मेंदूच्या सर्जनना भेटा, चिठ्ठी देते.
ती चिठ्ठी लिहिताना त्यांचं पेन चाललं नाही.
भरतेशनं खिशातलं दिलं,
सराफाच्या नावाचं.

मी विचारलं, पाय?

त्यांनी पुन्हा जेल लावलं.
पोटाला टिचक्या मारल्या, कुशीवर वळवलं मला.
गुडघा आधी हलला.
मग घोटा, डावा, एकदा,
दार अर्धं उघडून कुणी बघावं तसा.
उजव्यासाठी थांबलो.
बाहेरचे नंबर खोळंबले होते,
बाईंनी घाई केली नाही.
पाऊल आत वळलेलं, स्वस्थ.
मी मनातल्या मनात माप घेतलं त्याचं,
कामाची सवय, दुसरं काही नाही.

मध्यवर्ती स्टँड, सव्वापाचची गाडी.
फोटोचा कागद गुळगुळीत, उन्हानं काळा पडतो म्हणे,
म्हणून पदराखाली धरला.
हा म्हणाला, पुढच्या आठवड्यात
चाळीस जोड द्यायचेत.
हो, म्हटलं.
कंडक्टर आला. किती?
"दोन हुपरी," भरतेश म्हणाला,
आणि पैसे हातात तसेच ठेवून
माझ्याकडं बघितलं त्यानं,
हिशेब चुकल्यासारखं.